शेवंताजिजीची झाडणी

शेवंताजिजी माझ्या दारात पहिल्यांदा उभी राहिली ती भांडायला. लोणखेड्यात मी नुकती राहायला आले होते, कॉलेजात भूगोल शिकवायला लागून आठवडाही झाला नव्हता, आणि त्या रविवारी सकाळी मी घरात शाळेत शिकलेली झाडणी म्हटली होती. पाचवीच्या पुस्तकात असते तीच, चार ओळींची. ती म्हटली की घरातला कचरा उठतो, उंबऱ्यापर्यंत जातो आणि पुढे काय करायचं ते न कळून तिथेच बसतो. माझा कचरा त्या दिवशी जरा धीट निघाला. उंबरा ओलांडून तो शेजारच्या ओट्यावर जाऊन बसला. ओटा जिजीचा होता.

"मॅडम," ती म्हणाली, "तुन्हा कचरा मन्हा ओटावर बठेल शे. त्याले घर दखाड."

मी माफी मागितली, पुन्हा त्याच चार ओळी म्हटल्या. कचरा जागचा हलला नाही. जिजीने पदराचं टोक दातात धरलं, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली, आणि तिच्या ओट्यावरचा कचरा उठून मुकाट गल्लीच्या टोकाकडे, उसाच्या शेतापलीकडच्या खड्ड्याकडे चालू लागला. वाटेत माझ्या पलंगाखालचं चार दिवसांपूर्वीचं काहीतरीही त्याला जाऊन मिळालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कचराले आधी सांगनं पडस कोठे जानं ते," ती म्हणाली. "मंग तो जास. पुस्तकमा नही का तसं?"

पुस्तकात तसं नव्हतं. पुढच्या अकरा वर्षांत मला कळलं की जिजीला जे येत होतं त्यातलं बरंचसं पुस्तकात नव्हतं.

आमच्या ह्या भागात घरोघरी काही ना काही येतंच. कुणाला दूध उतू न जाऊ देण्याचं येतं, कुणाला मिरची निवडून झाली की हातांची आग उतरवण्याचं, कुणाला रडणारं पोर झोपवण्याचं. एसटी वेळेवर आणण्याचं अजून कुणाला साधलेलं नाही. ह्यात कुणी कुणाला फार मोठं मानत नाही. झाडणी तर सगळ्यांनाच थोडीफार येते. पण लग्नाच्या आधी, घरात मयत झाल्यावर, नव्या घरात जाताना अख्खं घर झाडायचं असतं तेव्हा मात्र शहाद्यापासून नंदुरबारपर्यंत लोक जिजीलाच बोलवायचे. तिला ती झाडणी सासूने दिली होती, आणि चाळीस वर्षं ती तेच काम करत होती.

दिसायला ती ठेंगणी, रुंद, नाकात फुली, हातात चांदीचं कडं. नवरा मी येण्याच्या आधीच गेलेला. एक मुलगा सुरतेला कापडबाजारात, तो रविवारी फोन करायचा आणि दर वेळी आईला तिकडे यायला सांगायचा. जिजी दर वेळी म्हशीचं कारण सांगायची. म्हैस विकल्यावरही काही महिने तिने तेच कारण सांगितलं, आणि मुलाने ते ऐकूनही घेतलं. सगळ्या गल्लीला ती नावाने हाक मारायची, मला मात्र 'मॅडम' म्हणायची आणि 'तू' म्हणायची. तिचे गुडघे दुखायला लागल्यापासून सुट्टीच्या दिवशी मी तिला माझ्या स्कूटीवरून कामावर सोडायची. त्यामुळे तिचं काम मी जवळून पाहिलं.

झाडणी म्हणायच्या आधी राखण असते. तीच खरी मेहनत. जिजी घरभर एकेका खोलीतून फिरायची, एकेका वस्तूकडे बोट करायची आणि विचारायची, "हाई कोनं शे?" घरातल्या माणसाने त्या वस्तूवर हात ठेवून म्हणायचं, "मन्हं शे." एकदा कुणी बोललं नाही तर दुसऱ्यांदा विचारायची, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदाही कुणी हात ठेवला नाही तर ती वस्तू कचऱ्यात जमा. झाडणी झाली की कचऱ्याबरोबर तीही उंबऱ्याबाहेर चालू लागायची. घरच्या माणसांशिवाय दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही. मी कपाळ आपटून एखादी गोष्ट माझी म्हटली असती तरी उपयोग नव्हता.

पुरुषांना ती आधी ओट्यावर बसवायची. पुरुषांना विचारलं की ते फुटक्या बादलीवरसुद्धा हात ठेवून 'मन्हं शे' म्हणतात, असा तिचा अनुभव होता. बायकांचं सगळं सांगून झालं की मग ती त्यांना आत घ्यायची. तोवर राखायला फारसं काही उरलेलं नसायचं आणि पुरुषांनाही ते बरं वाटायचं.

झाडणीत गेलेली वस्तू ज्याची असेल त्याला ती आठवत नाही. लगेच नाही, तीन-चार दिवसांनी. हे सगळ्यांना माहीत असतं आणि बहुतेकांना ते सोयीचंच वाटतं, कारण जुनी टोपली गेल्याचं दुःख कुणाला करायचंय. आणि एखाद्या माणसाची घरातली शेवटची खूण गेली, की ते माणूसही घरच्यांच्या आठवणीतून जातं. म्हणून मयताच्या घरी जिजी फार सावकाश फिरायची. पलीकडच्या गल्लीत एका बाईचा नवरा वारला. आयुष्यभर तो तिला एका काठीने मारायचा. राखणीच्या वेळी तिने त्याच्या फोटोवर हात ठेवला, टोपीवर ठेवला, काठीच्या वेळी तीनदा विचारलं तरी नुसती जिजीकडे बघत राहिली. जिजीने आणखी काही विचारलं नाही. महिन्याभराने मी त्या बाईला बाजारात भेटले तेव्हा ती नवऱ्याबद्दल चांगलं बोलत होती. मी मुद्दाम काठीचा विषय काढला. (मला असले विषय काढायची खोड आहे.)

"काठी?" ती म्हणाली. "कसानी काठी?"

जिजीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिनं घर, तिना कचरा. आपल्याले काय."

हे 'आपल्याले काय' तिचं कायमचं होतं. घर ज्याचं त्याने सांगायचं, आपण म्हणायचं आणि निघायचं. ह्या बाबतीत ती इतकी कडक होती की कधी कधी तिचा राग यायचा. नंदुरबारला मिरचीच्या हंगामात एका व्यापाऱ्याने तिला बोलावलं. त्याच्या घराला लागूनच गोदाम, मागे वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या, घरात कपाटाच्या आतसुद्धा लाल धूळ. जिजीची पद्धत अशी की ती कचरा जातवार काढायची. आधी केस, मग राख, मग भुसा, आणि मिरची सगळ्यात शेवटी, पाण्याचा हात मारून, बसवून, गटाराच्या कडेकडेने. ह्याला अर्धा दिवस लागतो. व्यापाऱ्याला घाई होती. पाहुणे येणार होते.

"मावशी, सगळं एकदाच काढा ना," तो म्हणाला.

"एकदाच?" जिजीने विचारलं.

"एकदाच."

तिने तिसऱ्यांदाही विचारलं. मग मला डोळ्यांनी खूण केली, नाकाला पदर लावला आणि मला घेऊन वारा येत होता त्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिथून तिने झाडणी म्हटली. घरातली सगळी मिरची एकदम उठून दारातून बाहेर आली. व्यापारी, त्याचा मुनीम, दोन हमाल आणि समोरचा चहावाला असे सगळे रस्त्यावर खाली मान घालून शिंकत उभे राहिले. पाहुणे तेवढ्यात आले आणि तेही त्यांच्यात सामील झाले. परत येताना मी तिला म्हटलं, आधी सांगायचं ना त्याला. ती म्हणाली, "तीनदा इचारं ना मी. आपल्याले काय." स्कूटीवर मागे बसून ती शहाद्यापर्यंत हसत होती, ते मला तिच्या पोटाच्या हालण्यावरून कळत होतं.

सासूने तिला झाडणी देताना एकच अट सांगितली होती. दुसऱ्याच्या घरात कशालाही 'माझं' म्हणायचं नाही. म्हटलंच तर झाडणारीचा तो शब्द घरच्या माणसासारखाच चालतो आणि वस्तू राहते, पण मग झाडणी जाते. ती पुन्हा येत नाही आणि दुसऱ्याला देताही येत नाही. ही अट जिजीने अंगात इतकी मुरवली होती की ऐकणाऱ्याला हसू यायचं. चपला ती रस्त्यावर काढायची. पिशवी माझ्याकडे द्यायची. चहा बाहेर ओट्यावर बसून घ्यायची आणि कुणी आत कप पुढे केला तर हात मागे बांधून उभी राहायची. आत असताना गुडघा दुखला तर म्हणायची, "ह्या बाईना गुडघा दुखी ऱ्हायना." एकदा एका नव्या सुनेने दचकून इकडे तिकडे बघितलं होतं, कुठली बाई म्हणून.

चष्म्याची गोष्ट मला तिच्याकडून कळलीच नसती. ती दुसऱ्याच बाईने सांगितली. त्या बाईच्या घरी जिजीने घाम पुसायला चष्मा काढून फळीवर ठेवला आणि विसरली. झाडणी म्हणून झाली, कचरा निघाला, आणि त्याच्या वरती बसून चष्मा निघाला. जिजीचा हात पुढे गेला, थांबला आणि परत आला. ती बाई म्हणाली की जिजीने चष्म्याला दारापर्यंत डोळ्यांनी पोचवलं. पुढचे पंधरा दिवस जिजी मला सांगत होती की हल्ली गव्हात खडेच येत नाहीत. आपल्याला चष्मा होता हे ती साफ विसरली होती. मी तिला नवा करून आणला तेव्हा तिने तो घालून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू एवढी काळी कव्हय व्हयनी?"

आता दगाजीआप्पांच्या घराचं सांगायला हवं.

दगाजीआप्पा म्हणजे लोणखेड्यातलं जुनं शेतकरी घर. ऊस, केळी, दारात ट्रॅक्टर, आणि स्वभावाने तसे सरळ. त्यांची मुलगी मनीषा माझी विद्यार्थिनी. नकाशे सुंदर काढायची, नद्या हाताने काढल्यासारख्या वाटायच्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी तिने तोरणमाळकडच्या एका मुलाशी कोर्टात लग्न केलं. मुलगा जनावरांचा डॉक्टर, नवापूरच्या एका पोल्ट्रीत नोकरीला. त्याला मी एकदाच भेटले, शांत मुलगा आहे. तो डोंगरातला, जातीबाहेरचा आहे आणि पोरीने आपल्याला विचारलं नाही, ह्या दोन गोष्टी आप्पांना लागल्या. दोन्हींतली कुठली जास्त, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरात तिचं नाव घेणं बंद झालं. कपडे, पुस्तकं, सायकल, सगळं त्यांनी वाटून टाकलं.

मग धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्याकडे आधी झाडणी, मग भिंतींना रंग, मग मांडव. जिजीला बोलावणं आलं. आम्ही गेलो तेव्हा आप्पा ओट्यावर एकटे बसले होते. त्यांनी जिजीला आत जाऊ दिलं नाही, तिथेच बसवलं. मी उठून जायला लागले तर म्हणाले, "बठा मॅडम, तुमनापाशी काय लपाडानं."

"जिजी," ते म्हणाले, "त्या पोरन्या दोन वस्तू राही गयात घरमा. राखनले त्यासले कोनी हात लावाव नही. मी सांगेल शे सर्वासले."

"शेवटल्या दोन?" जिजीने विचारलं.

"शेवटल्याच."

आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "रागखाल नही सांगी ऱ्हायनू मी. तीन वरीस व्हयनात, मले झोप नही. ताट वाढेल ऱ्हास अन् मी दारकडे देखस. भूली जाऊ दे आम्हले. तिले बी तिनं घर शे आते."

मला त्यांचा राग येत होता, आणि हे ऐकल्यावर नीट येईना. नवरीकडच्यांनी मुलीचा विषय नको असं सांगितलं होतं, हेही खरं होतं. पण मुख्य कारण त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. ज्या दुखण्यात बाकीची माणसं नुसते दिवस काढतात, त्यावर त्यांना औषध सापडलं होतं, आणि ते दारात येऊन बसलं होतं.

आत कोकिळावयनी उभ्या होत्या, आप्पांची बायको. त्या जिजीशी नजर मिळवत नव्हत्या. नंतर मला कळलं की आदल्या दिवशी आप्पांनी त्यांना मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली होती. राखणीला त्या पोरीच्या वस्तूंना हात लावणार नाही म्हणून. लग्नाच्या तोंडावर मुलाच्या डोक्यावरची शपथ कुठली आई मोडेल. म्हणजे चार दिवसांनी त्या बाईला आपल्याला एक मुलगी आहे हे माहीत असणार नव्हतं. आणि आजचा दिवस तिला ते माहीत होतं.

राखण सुरू झाली. त्या दिवशी आप्पा आणि मुलगा ओट्यावर बसायला तयार झाले नाहीत. पुढची खोली, देवघर, मधली खोली. वयनी हात ठेवत होत्या, 'मन्हं शे' म्हणत होत्या, आवाज अगदी नेहमीचा. मुलाने टीव्हीवर, मोटारसायकलच्या किल्लीवर हात ठेवला. मग स्वयंपाकघर. पिठाच्या कोठीमागे हात घालून जिजीने एक स्टीलचा डबा पुढे ओढला. शाळेचा, दोन मजली. झाकणावर ठिपक्यांनी नाव पाडलेलं होतं, बाजारातला भांडीवाला पाडून देतो तसं. कु. मनीषा.

"हाई कोनं शे?" जिजीने विचारलं.

कुणी बोललं नाही. आप्पा दारात येऊन उभे होते.

"हाई कोनं शे?"

वयनींचा उजवा हात वर आला. डाव्या हाताने त्यांनी तो मनगटाला धरला आणि खाली नेला. मुलगा खिडकीबाहेर बघत होता. मला बोलावंसं वाटत होतं आणि मी बोलले नाही. माझ्या बोलण्याने काही होणार नव्हतं हे खरं, पण मी गप्प राहिले ते त्यासाठी नाही. माझ्या बहिणीच्या मुलाच्या नोकरीसाठी आप्पा एका ठिकाणी शब्द टाकणार होते. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

जिजीने डबा तिथेच ठेवला आणि दाराच्या मागच्या भिंतीकडे वळली. तिथे पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, गुडघ्याच्या उंचीपासून खांद्यापर्यंत, प्रत्येक आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सणाला, पोरीला उभं करून मारलेल्या. दुसरी वस्तू ती होती. जिजीने तिथेही दोनदा विचारलं. मग ती डब्यापाशी परत आली. तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं होतं.

तिने विचारलं नाही. ती खाली बसली. गुडघे दुखत असताना ती कधी जमिनीवर बसत नसे, कारण उठताना त्रास व्हायचा. तिने डबा मांडीवर घेतला, झाकणावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं. तरी ती त्या ठिपक्यांवरून शेवटपर्यंत गेली. मला वाटलं, गुडघ्याचं काहीतरी झालं असावं.

"मन्हा शे," ती म्हणाली.

कुणालाच नीट समजलं नाही. जिजीने मान वर केली आणि आता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हाऊ डबा मन्हा शे. भीतवरन्या रेघा मन्ह्या शेत. पोर बी मन्ही शे. तुम्हले नको ना? मंग मन्ही."

आप्पा आत आले. "जिजी, हाई काय करं तुम्ही?"

"घर झाडाले बलायं व्हतं तुम्ही," ती म्हणाली. "पोर झाडाले नही."

"तुम्हनी झाडणी गयी."

"गयी."

वयनी चुलीपाशी खाली बसल्या आणि रडू लागल्या. तीन वर्षांत त्या घरात कुणी मोठ्याने रडलं नव्हतं, असं त्यांच्या मुलाने मला नंतर सांगितलं. मी जिजीला हात देऊन उठवलं. घरातली धूळ होती तशीच होती. आप्पा त्या धुळीतच उभे होते.

घरी येताना डबा आमच्या दोघींच्या मध्ये होता, माझ्या पाठीला लागत होता. मी विचारलं, "जिजी, वाईट नाही वाटलं?"

"वाटनं ना," ती म्हणाली. "चाळीस वरीस तोंडमा व्हतं ते. दात पडना म्हनजे जीभ घडीघडी तठेच जास. तसं व्हई काही दिन."

"मग 'आपल्याले काय' कुठे गेलं?"

तिने आमच्यामधला डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "ती माय मन्हाकडे देखत नही व्हती. काठीवाली बाई मन्हाकडे देखत व्हती." एवढंच. मी आजवर ह्याहून चांगलं उत्तर कुठल्या शिकलेल्या माणसाकडून ऐकलेलं नाही. मला तिचा फार अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकाच वेळी.

पुढच्या रविवारी ती माझ्याकडे आली, म्हणाली, बघू तरी. माझ्या खोलीच्या मधोमध उभी राहिली, पदर दातात धरला. ओठ हलले. धूळ जागची हलली नाही. तिने पदर सोडला आणि माझ्या खुर्चीवर बसली. मी चहा केला. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या घरात आत बसून चहा प्यायली. "मन्हा कप दे," म्हणाली, "मन्हा गुडघाखाले उशी दे." दिवसभर ती तो शब्द वापरत होती, मन्हं हे आणि मन्हं ते, दातांत खडीसाखर धरावी तसा. शहाद्यातल्या दुसऱ्या एका बाईला आता लोक बोलवू लागले होते. जिजी तिला जाऊन कचरा जातवार कसा काढायचा ते सांगून आली. त्या बाईला ते आवडलं नाही.

आप्पांच्या घराची झाडणी त्या दुसऱ्या बाईने केली. डबा जिजीकडे होता, आणि रेघांवर जिजीचं नाव लागलेलं होतं, त्यामुळे त्या भिंतीवरच राहिल्या. दुसऱ्याने आपली म्हटलेली वस्तू झाडणीत जात नाही. मग रंगारी आला. तो दारामागच्या भिंतीला ब्रश लावणार तेवढ्यात आप्पांनी त्याला थांबवलं. "तठे नको," ते म्हणाले, "ती जागा जिजीनी शे." रंगाऱ्याने ही गोष्ट गावभर सांगितली, हसत. मी ऐकली तेव्हा मला हसू आलं नाही. लग्न व्यवस्थित पार पडलं. नवरीकडच्यांनी दारामागे बघितलंच नाही, आणि नव्या सुनेने दुसऱ्याच दिवशी विचारलं की ह्या रेघा कोणाच्या. वयनींनी सांगितलं, "जिजीन्या शेत." सून म्हणे जिजीच्या उंचीवर बराच वेळ विचार करत होती.

आप्पा मात्र जिजीशी बोलेनात. समोरून आली तर रस्ता बदलायचे. ती म्हणायची, "बदलू दे. गावमा एकच रस्ता शे का? गंज शेत."

चैत्रात तिने मला मनीषाला फोन लावायला सांगितला. नंबर वयनींनी चिठ्ठीवर दिला होता. जिजी फोनवर ओरडून बोलते, तिला वाटतं नवापूर लांब आहे. "आखाजीले ये," ती म्हणाली. "जवाईले बी संगे लई ये. तुन्हं माहेर आते आठे शे, मन्हा घरमा. तुन्हा डबा बी आठेच शे." पलीकडून पोरीने विचारलं, "आई येस का तठे?"

"येस," जिजी म्हणाली. "रोज येस. ताक लेवाले."

हे खरं होतं. घरी दोन म्हशी असताना वयनी रोज जिजीकडे ताक मागायला यायच्या आणि डबा मांडीवर घेऊन बसायच्या. जिजीकडे तेव्हा म्हैसच नव्हती. ताक ती माझ्याकडून न्यायची.

त्याच उन्हाळ्यात माझी बदली संस्थेच्या धुळ्याच्या कॉलेजात झाली. सामान आधीच गेलं होतं. आखाजीच्या दिवशी सकाळी मी दोन पिशव्या घेऊन रिक्षात बसले. जिजीचा निरोप आदल्या दिवशीच घेतला होता, तिने पुन्हा पुन्हा निरोप घ्यायला बंदी केली होती, तेव्हा मी रिक्षावाल्याला नुसतं हळू चल म्हटलं.

तिच्या घरातून पुरणाचा वास येत होता. आत वयनी होत्या, त्यांचा पोळ्या लाटायचा आवाज मला ओळखू येतो. बाहेर जिजी ओटा झाडत होती. झाडूने. बाजारातून आणलेला नवाकोरा झाडू होता आणि तिला तो धरताच येत नव्हता. दोन्ही हातांनी काठीसारखा धरून ती धूळ घराकडेच लोटत होती, मग मागे वळून ती पुन्हा बाहेर लोटत होती. साठीच्या पुढची बाई आता कुठे झाडू धरायला शिकत होती आणि धूळ तिचं काही ऐकत नव्हती.

ओट्याच्या कडेला दगाजीआप्पा बसले होते. मोटारसायकल गल्लीत उभी होती, मांडीवर आंब्यांची पिशवी. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. कधी आले होते कोण जाणे.

"कव्हय यी ती?" त्यांनी विचारलं.

"नवापूरनी एसटी ऊनी नही आजून," जिजी म्हणाली आणि झाडत झाडत त्यांच्यापर्यंत आली. "पाय वर ल्या."

आप्पांनी आंबे छातीशी धरले आणि दोन्ही पाय वर घेतले.